वामकुक्षी-प्रमाणित जुने खेळ

कोणतीही जुनी वस्तू अजून उपयोगाची आहे की नाही, हे ती वापरणाऱ्याला कधीच सांगता येत नाही. तो बिचारा वापरण्यात गुंतलेला असतो. ते सांगायला ती वस्तू जन्मात न वापरलेल्या माणसांची समिती लागते. व्हिया मिस्तोलच्या नगरपालिकेला हे फार पूर्वीच उमगलं होतं. म्हणूनच तिथल्या पाणीपुरवठा समितीवर ज्यांच्या अंगणात स्वतःची विहीर आहे असेच सभासद घेतले जातात, आणि वाचनालय समितीने आजवर एकाही पुस्तकावर अन्याय केलेला नाही (वाचनालय तीन वर्षं कुलूपबंद आहे).

त्यामुळे नगराध्यक्ष आबेलार्दो लेदेस्मा राजधानीतल्या एका परिषदेहून परतले आणि त्यांनी 'आजही खेळण्याजोगे अभिजात व्हिडिओ गेम' निश्चित करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा गावात कोणाची भुवईही वर गेली नाही. असे खेळ गावात एकाच ठिकाणी होते. चौकामागच्या गल्लीत डोन्या (म्हणजे बाईसाहेब) मेलिता खेरेस या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या विधवाबाईंचं गेमचं दुकान होतं, आणि त्यात कपाटाएवढी सात यंत्रं भिंतीला पाठ लावून उभी होती. पितळी टोकन टाकायचं, दांडा धरायचा, बटणं बडवायची. सातांपैकी किमान चार यंत्रं 'आजही खेळण्याजोगी' ठरली तर परवाना चालू राहील. तीन ठरली तर दुकान बंद, यंत्रांचे प्लग उपटून ती गोदामात, आणि त्या जागेत नागरिक समाधान केंद्र, असा ठराव झाला. (समाधान केंद्रात एक पडदा बसवण्यात येणार होता. त्यावर नागरिकांनी बोटाने आपलं समाधान नोंदवायचं होतं.)

समितीत चार जण होते: स्वतः नगराध्यक्ष, पशुवैद्य डॉ. ओर्तेन्सिया लुना, शाळेचे मुख्याध्यापक आणि गावचे नोटरी. 'मी या दुकानात कधीही पाऊल ठेवलेलं नाही व असले खेळ कधीही खेळलेलो नाही' असं प्रतिज्ञापत्र प्रत्येकाने दिलं होतं, आणि ते नोटरींनीच साक्षांकित केलं होतं, स्वतःचंसुद्धा.

समितीने आधी रूढ मार्ग चोखाळला. शंभर गुणांचा तक्ता केला आणि सातही यंत्रांना एकसष्ट-एकसष्ट गुण दिले. आदल्या वर्षी कत्तलखान्यालाही एकसष्टच मिळाले होते. तक्ता तोच होता. मग निरनिराळ्या विभागांचे अभिप्राय मागवले. वरून ठोकळे पडतात आणि खाली ते रचायचे असतात त्या खेळावर बांधकाम विभागाने हरकत घेतली, की ओळ पूर्ण होताच ती नाहीशी होते हे कोणत्या नियमाखाली? बेडकाने रस्ता ओलांडायच्या खेळावर वाहतूक विभाग म्हणाला की बेडूक झेब्रा क्रॉसिंगचा वापर करीत नाही. अवकाशयानाच्या खेळाबद्दल परग्रहवासीयांकडून हरकती मागवल्या होत्या. तीस दिवसांत एकही न आल्याने त्या यंत्राबद्दल समितीचं मत जरा बरं झालं.

एवढं होऊनही उत्तर निघेना, तेव्हा डॉ. लुनांनी शास्त्राचा आधार घेतला. त्या गुराढोरांच्या डॉक्टर असल्यामुळे त्यांना तोंडी जबाबावर विसंबण्याची सवय नव्हती. माणूस काय म्हणतो ते सोडा, त्या म्हणाल्या, तो कशासाठी दुपारची झोप मोडतो तेवढं पाहा.

व्हिया मिस्तोलमध्ये हे वाक्य हलकं नाही. तिथे दुपारी एक ते पाच वामकुक्षी असते. सावलीतही पारा बेचाळीसला टेकतो, फळ्या लागतात, कुत्री रस्त्याच्या मध्यावर पाय ताणून झोपतात आणि येणारी गाडी, येत असलीच तर, कुत्र्याला वळसा घालते. एका वर्षी कापसाच्या वखारीला अडीच वाजता आग लागली होती, ती सव्वापाचला सर्वानुमते विझवण्यात आली. लहान पोरांना सांगितलेलं असतं की मोठ्या टोपीचा एक बुटका या वेळी गल्ल्यांतून फिरतो आणि जागं दिसेल त्या पोराला पोत्यात घालतो. मोठ्यांना सांगावं लागत नाही. नगरपालिकेच्या सेवानियमांत झोपमोडीची तीनच ग्राह्य कारणं दिलेली आहेत: रक्ताच्या नात्यातलं मरण, फुटबॉलचा अंतिम सामना, आणि सात महिन्यांनंतर पडणारा पाऊस (सहा महिन्यांनंतरचा चालत नाही).

चौथं कारण जो खेळ होऊ शकेल तो आजही खेळण्याजोगा, असं तर्कशुद्ध अनुमान समितीने काढलं. प्रश्न फक्त मापाचा होता. कोणाची झोप मोडली म्हणजे मोडली असं धरायचं? ज्याची झोप मुळातच तकलादू आहे, तो डास चावला तरी उठतो. यावर सर्वांच्या तोंडी एकाच वेळी एक नाव आलं.

फाउस्तीनो सायागो हे नगरपालिकेच्या वजनमापे विभागाचे निरीक्षक. खाटकांचे आणि वाण्यांचे तराजू तपासणं हे त्यांचं काम, आणि बावीस वर्षांच्या सेवेत त्यांची एकही वामकुक्षी चुकलेली नव्हती. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते एक ते पाच झोपले होते. मुहूर्त सहाचा होता, पण पाहुण्यांना जरा धाकधूक झाली. त्यांच्या कपाटात मखमलीच्या खणात एक किलोचं प्रमाणित वजन ठेवलेलं असे, आणि बाकी सगळी वजनं त्याच्याशी ताडून पाहिली जात. समितीने ठराव केला की झोपेच्या बाबतीत तोच मान खुद्द सायागोंना देण्यात येत आहे.

सायागोंनी ठराव वाचला, सही केली आणि आपल्याला घाम फुटलाय हे कोणाच्या लक्षात येऊ दिलं नाही. बेचाळीस अंशांत ते सोपं होतं.

घामाचं कारण सातवं यंत्र होतं, अवकाशयानाचं. ही जुनी यंत्रं अशी असतात की त्यांच्या पडद्यावर दहा सर्वोत्तम खेळाडूंची नावं झळकत राहतात, प्रत्येकी तीन अक्षरांत. पण ती नावं यंत्र चालू आहे तोवरच असतात. वीज गेली की पाटी कोरी. हे सातवं यंत्र एक्क्याण्णव सालच्या जानेवारीपासून बंद पडलेलं नव्हतं. उन्हाळ्यात गावची वीज रोज जाते, पण डोन्या मेलितांनी मागे ट्रकची बॅटरी जोडलेली होती, आणि चौतीस वर्षांत चार बॅटऱ्या आणि एक नवरा वारला तरी पडदा विझू दिला नव्हता. त्या यादीत सर्वांत वर तीन अक्षरं होती: आर, यू, एफ. रुफो. सायागोंचा थोरला भाऊ. चौथ्या अक्षराला यंत्रात जागा नव्हती.

सायागोंच्या निद्रेच्या कीर्तीचा उगमही तिथेच होता. लहानपणी दोघं भाऊ एका खोलीत झोपत. एक वाजला की रुफो खिडकीतून उडी मारून अर्ध्या ओढलेल्या शटरखालून मेलिताबाईंच्या दुकानात सरकायचा (तिथे गर्दी असायची ती याच वेळी), आणि आई दारापाशी कान लावायची तेव्हा आतून दोन पोरांच्या घोरण्याचा आवाज येणं आवश्यक असे. ते दोन्ही आवाज धाकटा फाउस्तीनो एकटा काढी. एक घोरणं जाड, एक बारीक, मध्ये एखादी कूस बदलल्याची कुरकुर. चार वर्षांच्या या रियाजाने तो इतका तयार झाला की पुढे झोपेचं सोंग करायची गरजच उरली नाही. तो स्वतः त्या दुकानात कधी खेळला नाही. खेळायची वेळ आणि झोपायची वेळ एकच होती, आणि दोघांपैकी कोणीतरी झोपणं भाग होतं.

पुढे रुफो दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि तिकडचाच झाला. वर्षातून एकदा, नाताळच्या आदल्या दिवशी, त्याचा फोन येई. हवापाणी, गुडघा, पोरं असं बोलून झालं की शेवटी तो विचारी, अजून आहे का मी वर? सायागो त्या सकाळी दुकानात डोकावून यादी पाहून आलेले असत. आहेस, ते म्हणत. त्यांना आपल्या भावाची आठवण येत असे, फार येत असे, पण ती सांगायला दोघांकडे एवढंच एक वाक्य होतं.

तेव्हा प्लग उपटला गेला तर काय जाणार, हे सायागोंना चांगलं ठाऊक होतं. आणि मापात खोट करायची नाही, हेही तितकंच ठाऊक होतं.

चाचणीचे नियम थोडक्यात असे होते. प्रमाणित व्यक्तीने भरपेट जेवलेलं असावं (चार एंपानादा म्हणजे खिम्याच्या करंज्या, भाजलेलं करडू, भोपळ्याचं कालवण, एक पेला लाल वाइन, खर्च समितीचा). बसायला पाठ असलेली खुर्ची द्यावी. कॉफी वर्ज्य. पाचच्या आत डोळा लागला तर खेळ बाद. डोळा लागला की नाही ते पशुवैद्य ठरवतील. एका दिवशी एक यंत्र.

पहिल्या दिवशी मोटारींची शर्यत होती. सायागो चौथ्या मिनिटाला चाक हातात धरून झोपी गेले. गाडी त्यानंतर अकरा मिनिटं रस्ता न सोडता चालली. सायागो जागे होते त्यापेक्षा बरी चालली, असं डोन्या मेलितांचं मत पडलं. खेळ बाद.

दुसऱ्या दिवशी ठोकळ्यांचा खेळ. सायागो हे बांधकाम तुच्छतेने पाहत बसले. जे काम नीट पूर्ण करावं ते तत्काळ दिसेनासं होतं, आणि जे चुकलं तेवढंच साचत साचत डोक्याशी येतं. आपण नगरपालिकेत बावीस वर्षं हेच करतोय असं त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग त्यांना उठवेना. मान वर केली तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती आणि करडू तसंच पोटात बसून होतं. अहवालात लिहिलं गेलं: प्रमाणित व्यक्तीस झोप आली नाही, कारण अज्ञात.

तिसरा खेळ तलवारबाज राजपुत्राचा. त्याला प्रस्तावना होती. राज्य कसं बुडालं, राजा कसा म्हातारा झाला, हे पडद्यावर ओळीमागून ओळ उमटू लागलं. सायागो दुसऱ्या परिच्छेदाला झोपले. (या निकालावर कोणत्याही सभासदाने शंका घेतली नाही.)

चौथ्या दिवशी बेडूक. हा बेडूक सोळा वेळा चिरडला गेला आणि सोळाही वेळा चूक सायागोंची होती. यातच खरी गोम होती. त्यांच्या मेहुण्याच्या मुलाच्या फोनवर ते एकदा नवा खेळ खेळले होते. तिथे मेल्यावर आधी जाहिरात पाहावी लागे, मग पैसे मागत, मग उद्या या म्हणून सांगत. आपलं ऑफिस आणि तो फोन यांच्यात सायागोंना काही फरक आढळला नव्हता. इथे बेडूक मेला की यंत्र एक शब्द न बोलता दुसरा बेडूक देई. ना उपदेश, ना अर्ज. सतराव्या बेडकाला त्यांनी पलीकडे पोचवलं आणि मग त्याच्या भावंडांनाही एकामागून एक पोचवत पाच वाजवले.

पाचव्या दिवशी फुटबॉल होता. सायागोंचा संघ दोन-शून्यने पुढे गेला आणि निश्चिंत मनाने झोपला.

सहाव्या दिवशी दोन पैलवानांची मारामारी. याला प्रतिस्पर्धी लागतो, म्हणून डोन्या मेलिता स्टूल ओढून बसल्या. एका हातात माते नावाच्या कडू चहाचा भोपळ्याचा पेला, तोंडात त्याची नळी, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्या खेळत होत्या. त्यांनी सायागोंना एकतीस वेळा लोळवलं. बत्तिसाव्या खेपेला सायागोंनी त्यांना एक लाथ मारली (पडद्यावर) आणि लगेच खुर्चीतून उठून माफी मागितली. ते पाच वाजेपर्यंत रागाने जागे होते. रागाचं जागेपण ग्राह्य धरावं का यावर समितीत खल झाला. डॉ. लुना म्हणाल्या की बैलाच्या बाबतीत धरतात.

तीन पास, तीन नापास. आता सगळं सातव्या यंत्रावर येऊन ठेपलं.

दरम्यान गावात गंभीर परिणाम दिसू लागले होते. तीन वामकुक्ष्या बुडालेले सायागो सकाळी इतक्या वाईट तोंडाने बाजारात फिरत की बावीस वर्षांत त्यांना जिथे दोन खोटे तराजू सापडले होते, तिथे या एका आठवड्यात नऊ सापडले. खाटकांचं शिष्टमंडळ नगराध्यक्षांना भेटलं आणि खेळ ही समाजाला लागलेली कीड आहे असं निवेदन देऊन गेलं.

सातव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी डोन्या मेलिता दुकानाची पायरी झाडत होत्या. सायागो तिथून जात होते. खरं तर तो त्यांचा रस्ता नव्हता.

"अरे फाउस्तीनो, उद्या झोपू नकोस रे बाबा," त्या म्हणाल्या.

"डोन्या, मापात खोट मी करणार नाही."

"खोट कर म्हणतेय का मी? सकाळी दोन वेळा कॉफी घे म्हणतेय."

"कॉफी नियमात बसत नाही."

डोन्या मेलिता पुन्हा झाडू लागल्या. "तुझा भाऊ असा नव्हता," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या वाटचंही तूच झोपलास म्हणा."

सायागो घरी गेले आणि त्या रात्री मुद्दाम नऊ तास झोपले, जेणेकरून दुपारी जरा ताजं असावं. हे नियमात सांगितलेलं नव्हतं, पण त्याला मनाईही नव्हती.

सातव्या दिवशी जेवण करून ते एकच्या ठोक्याला पोचले, तर समिती आधीच हजर होती. इतर सहा दिवस डॉ. लुनांखेरीज कोणी फिरकलं नव्हतं. पण शेवटची चाचणी निःपक्षपाती व्हावी म्हणून नगराध्यक्ष, मुख्याध्यापक आणि नोटरी स्वतः आपापली झोप मोडून आले होते, आणि यंत्राच्या काचेच्या खालच्या कडेवर चार पितळी टोकनं ओळीने मांडलेली होती.

या टोकनांचा अर्थ त्या गावात सांगावा लागत नाही. काचेवर टोकन ठेवलं की तुमचा नंबर लागला. तुम्ही बाहेर जा, एंपानादा खाऊन या, तुमचा नंबर तिथे पडलेला असतो. व्हिया मिस्तोलमध्ये सायकली चोरीला जातात, कोंबड्या जातात, एकदा चर्चची घंटा गेली होती, पण काचेवरच्या दुसऱ्याच्या टोकनाला आजवर कोणी बोट लावलेलं नाही. अठ्ठ्याऐंशी साली एका परगावच्या माणसाने लावलं होतं, तेव्हा चाकू निघाले. नगरपालिकेने लगोलग दुकानाच्या परवान्यात कलम नऊ घातलं: 'काचेवर टोकन असेपर्यंत यंत्र बंद करू नये, हलवू नये, वा त्या टोकनास त्याच्या मालकाखेरीज कोणी स्पर्श करू नये.' नगरपालिकेच्या सगळ्या कायद्यांत लोकांनी पाळलेला तो एकच.

"यंत्र चालू स्थितीत आहे की नाही, हे आधी पाहून घेणं समितीचं कर्तव्य आहे," नगराध्यक्ष म्हणाले. सायागोंनी मान डोलावली, आपलं टोकन पाचवं ठेवलं आणि पाठ असलेल्या खुर्चीत बसले.

डॉ. लुनांनी पहिलं टोकन टाकलं. जन्मात असला खेळ न खेळलेल्या डॉ. लुना एका टोकनात सत्तर मिनिटं टिकल्या. त्यांचा डावा हात दांड्यावर असा फिरत होता की मुख्याध्यापकांच्या तोंडून "तिसऱ्या लाटेला डावीकडून घे" असं निघून गेलं, आणि मग त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. पडद्यावर अधूनमधून ती दहा नावांची यादी येत होती. वर आर-यू-एफ. दुसऱ्या जागी ओ-आर-टी. चौथ्या जागी एल-ई-डी. सातव्या जागी मुख्याध्यापकांची तीन अक्षरं आणि नवव्या जागी नोटरींची, आणि नोटरींनी तर अक्षरांच्या जागी सहीचा फराटाही ओढून पाहिलेला दिसत होता. चौघांनी यादीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि प्रतिज्ञापत्रांचा विषय कामकाजात घेऊ नये असं न बोलता ठरलं.

खुर्चीत बसलेल्या सायागोंना हे सगळं दिसत होतं. ज्यांच्यासाठी घरोघरच्या धाकट्या भावंडांनी उशा रचल्या होत्या आणि घोरून दिलं होतं, ते सगळे इथे जमले होते. सगळ्या गावात आपणच एकटे खरोखर झोपलेले होतो, हे त्यांना चौतीस वर्षांनी कळलं. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट मनातून बरं वाटलं, की आपला रुफो या सगळ्यांच्या वर आहे. ते बरं वाटणं, ते करडू, तो पंख्याचा वारा आणि यंत्राचा तो लांबून ऐकलेला ओळखीचा आवाज, जो लहानपणी दुपारच्या शांततेत गल्ली ओलांडून त्यांच्या उशापर्यंत येत असे. दोन वाजून वीस मिनिटांनी सायागोंचा डोळा लागला. थोड्या वेळाने त्यांना दोन निरनिराळ्या आवाजांत घोरताना डॉ. लुनांनी नोंदलं.

पाच वाजले तेव्हा नगराध्यक्ष खेळत होते. त्यांचं यान पाच वाजून चार मिनिटांनी फुटलं आणि मग चौघांनी निकालाची चर्चा केली. चार सभासद चार तास डोळ्यांत तेल घालून जागे होते, हे खरं. पण ते प्रमाणित नव्हते. प्रमाणित व्यक्ती झोपली होती. तिचा नंबरच लागला नाही हेही खरं. पण खेळ इतका चांगला आहे की मापकाला हात लावायला मिळाला नाही, अशी सबब नियमात नव्हती. तीन पास, चार नापास. दुकान बंद.

नगराध्यक्षांनी आदेश वाचला. तो त्यांनीच लिहिला होता, पण वाचताना असं वाटत होतं की कोणा वाईट माणसाने त्यांच्या हातात दिलाय. डोन्या मेलिता स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्यांनी मातेची नळी तोंडातून काढली नाही, फक्त ओढायचं थांबवलं.

हवालदार प्लगपाशी गेला, वाकला आणि तसाच थांबला. "साहेब, टोकन आहे," तो म्हणाला.

काचेवर एक पितळी टोकन उरलं होतं. नगराध्यक्षांनी बोट पुढे केलं. मग त्यांना कलम नऊ आठवलं, की अठ्ठ्याऐंशी सालचे चाकू आठवले, की आपण बारा वर्षांचे असताना हेच टोकन जपायला उन्हात उभे राहिलेलो आठवलं, कोण जाणे. त्यांनी बोट मागे घेऊन खिशात घातलं. सायागोंना उठवण्यात आलं आणि परिस्थिती समजावून सांगण्यात आली. त्यांनी आपला नंबर खेळून टाकावा, दोन मिनिटांचं काम, की मग बंद करता येईल.

सायागो उभे राहिले. त्यांनी यादीकडे पाहिलं, टोकनाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"आत्ता नको," ते म्हणाले. "पाच वाजून गेले. माझी ऑफिसची वेळ झाली."

"मग कधी?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"उद्या बघू. कलमात मुदत दिलेली नाही."

नोटरींनी कलम तीनदा वाचलं. मुदत नव्हती. नगराध्यक्षांनी सुस्कारा सोडला, आणि तो निराशेचा होता असं इतिवृत्तात लिहून घेतलं. मग ते गंभीरपणे म्हणाले की नियम तो नियम, आणि खिशातलं दुसरं टोकन काढून सायागोंच्या मागे ठेवलं. डोन्या मेलितांनी नळी पुन्हा ओढली.

तेव्हापासून सायागो रोज एकला पाच मिनिटं कमी असताना दुकानात येतात, आपलं टोकन जागेवर असल्याची खात्री करतात, मागच्या रांगेला "तुम्ही व्हा पुढे" असं म्हणतात आणि घरी जाऊन झोपतात. दुकान चालू आहे (तात्पुरतं, निकालाधीन). नागरिक समाधान केंद्राचा पडदा वाचनालयात ठेवला आहे. तिथे तो सुरक्षित आहे.

वामकुक्षी-चाचणीचं मात्र नाव झालं. नगरपालिकेने तीच चाचणी इतर बाबींना लावायचं ठरवलं आणि सायागोंना क्रमाने सर्वसाधारण सभेत, नगराध्यक्षांच्या अर्थसंकल्पीय भाषणात, शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरात आणि स्वतःच्या सासुरवाडीत बसवण्यात आलं. निकाल अनुक्रमे तीन, दोन, सहा आणि नऊ मिनिटं असे लागले. शेजारच्या दोन गावांनी सायागो आठवड्याभरासाठी उसने मागितले आहेत. परिणामांची कल्पना आल्यामुळे त्यांच्या नगराध्यक्षांनी नंतर मागणी परत घेतली.

नाताळच्या आदल्या दिवशी रुफोचा फोन आला. हवापाणी झालं, गुडघा झाला.

"अजून आहे का मी वर?"

"आहेस."

मग रुफोने इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. "आणि तू?"

"माझा नंबर लागलाय," सायागो म्हणाले. "तू आलास की खेळू."

समितीचा अंतिम अहवाल आता छापून आला असून, चाचणी सर्वत्र लागू व्हावी म्हणून त्याला शेवटी एक नमुना जोडला आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने तो भरून द्यावा अशी विनंती आहे. 'गेल्या वर्षभरात आपण ज्या ज्या गोष्टीसाठी आपणहून, आनंदाने, दुपारची झोप मोडली, त्या खाली लिहाव्यात.' मोबाइल हातात धरून मोडलेली झोप धरू नये; तीत झोपेचं नुकसान झालं हे समितीला मान्य आहे, पण जागं कोणी होतं याचा पुरावा मिळत नाही. उत्तरासाठी एकच ओळ सोडली आहे. जास्त जागा लागल्यास पुरवणी जोडावी, असं लिहायचं समितीच्या मनात होतं, पण आजवर आलेले नमुने पाहता ती गरज पडलेली नाही.

...............................................